निधी दुप्पट झाला, तरी शास्त्रज्ञ का दुरावले?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या संशोधन निधीवर आलेल्या कुऱ्हाडीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत औषधांपेक्षा आणि लसींपेक्षा राजकारणाचीच चौकशी जास्त. तिथले शास्त्रज्ञ एकाच पक्षाकडे इतके का झुकलेले, हे बहुतेकांना कोडं वाटतंय. माझी नोकरीची बरीच वर्षं तिथल्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात, पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा कारभार सांभाळण्यात गेली. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत पीएच.डी. करते. ती म्हणते, ‘बाबा, आमच्या लॅबमध्ये रिपब्लिकन माणूस औषधालाही सापडणार नाही.’ शास्त्रज्ञ म्हणजे पुरावा बघून मत बनवणारी माणसं. मग सगळ्यांचं राजकीय मत एकच कसं? ही तिथली फॅशन आहे, की डेमोक्रॅट सरकारं संशोधनाला जास्त पैसे देतात म्हणून? — एक वाचक, सातारा

लेकीचं निरीक्षण खरं आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २००९ मध्ये ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ या जुन्या संस्थेच्या अडीच हजारांवर सभासदांना त्यांचा पक्ष विचारला होता. ५५ टक्के डेमोक्रॅट निघाले, ३२ टक्के म्हणाले आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही, आणि रिपब्लिकन अवघे ६ टक्के. सर्वसामान्य लोकांत तेव्हा २३ टक्के रिपब्लिकन होते. तटस्थांना ‘तरी कल कुठे?’ असं विचारून तोही जमेला धरला, तर ८१ विरुद्ध १२.

हे एका संस्थेचे सभासद, म्हणजे अमेरिकेतले झाडून सारे शास्त्रज्ञ नव्हेत. तेल शोधणाऱ्या भूशास्त्रज्ञांना किंवा शल्यविशारदांना विचारलं असतं, तर चित्र बरंच वेगळं दिसलं असतं. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तेल-भूशास्त्रज्ञांच्या संघटनेचं मुख्यालय आहे. तापमानवाढीला माणूस कारणीभूत आहे हे मत ही संघटना २००७ पर्यंत उघडपणे नाकारत होती. ज्याची भाकरी जिथे, त्याची नजर तिथे, हे शास्त्रज्ञांनाही लागू पडतं.

फॅशन आहे का? थोडी आहे, नाही म्हणणार नाही. विद्यापीठं शहरांत, शहरं डेमोक्रॅट, लॅबमध्ये निम्मी माणसं परदेशातून आलेली. नव्या मुलाला वरिष्ठांचा कल जेवणाच्या टेबलावरच कळतो. वेगळं मत असणारा गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की बाकीच्यांना वाटतं, असं कोणी इथे नाहीच. मला ते तेव्हाही आवडायचं नाही.

पण एवढ्याने २३ चे ६ होत नाहीत. शिवाय हे पूर्वापार असंच चालत आलेलं नाही. रशियाचा स्पुटनिक उडाल्यावर १९५७ मध्ये शास्त्रज्ञांची सल्लागार समिती थेट व्हाइट हाउसमध्ये बसवली ती आयसेनहॉवर यांनी. ते रिपब्लिकन. पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये स्थापन केली निक्सन यांनी, तेही रिपब्लिकन. ओझोनचा थर वाचवणारा १९८७ चा माँट्रियल करार रेगन सरकारने केला. आम्ल पावसाला आळा घालणारा १९९० चा कायदा थोरल्या बुश यांचा. हवेचं, पाण्याचं, पेशीचं शास्त्र त्या काळी कुठल्याच पक्षाचं नव्हतं.

आता पैशाचं. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाचा सगळ्यात मोठा सरकारी दाता म्हणजे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’, आम्ही नुसतं ‘एनआयएच’ म्हणतो. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत तिचा निधी साडेतेरा अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो २७ अब्जांवर गेला. दुप्पट! हे घडवणाऱ्यांत इलिनॉयचे जॉन पोर्टर आणि पेन्सिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर हे दोघे रिपब्लिकन पुढे होते. न्यूट गिंग्रिच यांच्यासारख्या कडव्या नेत्याचाही पाठिंबा होता. शेवटचे हप्ते दिले धाकट्या बुश यांच्या सरकारने. ग्रँटसाठी अर्ज करणाऱ्यांच्या दृष्टीने तो सुकाळ होता. आमच्या मजल्यावर महिन्याआड नवं यंत्र उतरायचं.

आणि २००४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे निधी दुप्पट झाल्याला वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, साठांवर नामवंत शास्त्रज्ञांनी बुश सरकारविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. त्यात वीस नोबेल विजेते. पुढे त्यावर पंधरा हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत रसेल ट्रेन होते. निक्सन आणि फोर्ड या दोन रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात पर्यावरण संस्था चालवलेला हा माणूस. त्याला डेमोक्रॅटांचा पित्त्या कोणी म्हणू शकत नव्हतं.

पैसे दिले, तरी माणसं गेली. का गेली, ते मी माझ्या लॅबमध्ये पाहिलं.

९ ऑगस्ट २००१ च्या रात्री बुश टीव्हीवर बोलले. भ्रूणापासून मिळवलेल्या मूलपेशींवर (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होऊ शकतात त्या पेशींवर) सरकारी पैशात संशोधन करता येईल, पण आजच्या तारखेपर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांवरच. एका भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या अशा एकेका वंशाला आम्ही ‘लाइन’ म्हणतो. नव्या लाइन्सना पै मिळणार नाही. साठांहून जास्त लाइन्स उपलब्ध आहेत, असंही ते म्हणाले.

आमच्याकडे आयोवाच्या खेड्यातून आलेली एक सहकारी होती. कॅथलिक, दर रविवारी चर्चला जाणारी, घराणं पिढ्यान् पिढ्या रिपब्लिकन. भ्रूण हा जीव आहे असं ती मनापासून मानायची. बुश यांचा निर्णय तिला पटला होता आणि तसं ती चारचौघांत सांगायचीही. तिच्याशी माझं मत जुळत नव्हतं, पण तिचा मुद्दा मला मान्य होता : जीव कधीपासून धरायचा हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. तो धर्माचा, नीतीचा प्रश्न आहे, आणि निवडून आलेल्या माणसाला त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार आहे.

उपलब्ध लाइन्सची यादी करायचं काम तिच्याकडेच आलं. ती फोन करत गेली, पत्रं पाठवत गेली. कुठली लाइन गोठवलेली होती ती वाढतच नव्हती, कुठली द्यायला मालक राजी नव्हता, कुठे एकाच जागच्या जुळ्या लाइन्स दोनदा मोजलेल्या. अखेर देशभरात कामाच्या निघाल्या त्या वीस-एकवीस. निर्णयाच्या बाजूने असलेली ही बाई आकड्यावर मात्र संतापली. “नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा,” ती म्हणाली, “पण जे नाही ते आहे असं कशाला सांगता?”

मग २००४ मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी खासगी पैशातून सतरा नव्या लाइन्स तयार करून मागेल त्याला द्यायला सुरुवात केली. आम्हालाही हव्या होत्या. पण सरकारी पैशातून घेतलेल्या एकाही वस्तूचा त्यांना स्पर्श होऊन चालणार नव्हता. ते वेगळेपण राखायचं काम माझं. हिरव्या ठिपक्यांचे आणि लाल ठिपक्यांचे स्टिकर आणले. हिरवा म्हणजे सरकारी, लाल म्हणजे खासगी. इन्क्युबेटरवर, सेंट्रिफ्यूजवर, पिपेटांच्या स्टँडवर, पिपेटला लावायच्या टोकांच्या डब्यांवर, मार्कर पेनांवरसुद्धा. सूक्ष्मदर्शक एक धडधाकट उभा असताना दुसरा विकत घेतला. पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या मुलांच्या वेळेचाही हिशोब दोन वह्यांत. एखादा मुलगा घाईत हिरव्या ठिपक्याची पिपेट उचलून लाल बाजूला गेला, की माझ्या काळजात धस्स व्हायचं. लेखापरीक्षणात सापडलं तर अख्ख्या विभागाची ग्रँट धोक्यात. देशभरच्या कितीतरी लॅबमध्ये असेच स्टिकर लागले होते. मार्च २००९ मध्ये ओबामांनी ते बंधन उठवलं.

तरीही सांगते, या ठिपक्यांमुळे आमची माणसं दुरावली नाहीत. त्रास झाला, चिडचिड झाली. दुरावली ती त्या ‘साठांहून जास्त’मुळे, आणि त्याच सुमाराला बाहेर येत गेलेल्या इतर गोष्टींमुळे. जीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्लॅकबर्न या अध्यक्षांच्या जैवनीती समितीवर होत्या. समितीच्या अहवालांत विज्ञान नीट मांडलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. २००४ मध्ये त्यांना समितीतून काढलं. २००९ मध्ये त्यांनाच नोबेल मिळालं. दुसरे फिलिप कूनी. हे गृहस्थ आधी तेल कंपन्यांच्या संघटनेत होते, पेशाने वकील. व्हाइट हाउसच्या पर्यावरण कार्यालयात बसून सरकारी शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या हवामान अहवालांच्या मसुद्यांत ते हाताने दुरुस्त्या करायचे, जेणेकरून पक्की गोष्टही शंकास्पद वाटावी. २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापलं. कूनींनी राजीनामा दिला आणि एक्झॉनमोबिल या तेल कंपनीत रुजू झाले.

भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक दुकानदार सहन करतो, तराजूला हात लावणारं नाही. शास्त्रज्ञांचं तसंच आहे. निधी कमी केला तर ते कुरकुरतात, बंदी घातली तर भांडतात, आणि पुढच्या निवडणुकीत तरीही त्याच पक्षाला मत देऊ शकतात. पण आकडे बदलणं, अहवाल फिरवणं, नको ते सांगणाऱ्याला समितीतून काढणं, यातून एकदा मन उडालं की ते पैशाने परत येत नाही. निक्सन यांच्या वेळीही हेच झालं होतं. ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाला त्यांच्याच सल्लागार समितीतल्या रिचर्ड गार्विन यांनी संसदेपुढे विरोध केला. १९७३ मध्ये निक्सन यांनी आयसेनहॉवर यांच्या वेळची ती समितीच मोडीत काढली.

प्रश्न : ताई, मी द्राक्ष बागायतदार आहे, जीएम म्हणजे जनुकांत बदल केलेल्या पिकांबद्दल वाचत असतो. अमेरिकेत जीएमला आणि अणुऊर्जेला विरोध करणारे बरेच जण डावीकडचेच असतात. मग डेमोक्रॅटांचं हे अवैज्ञानिक वागणं शास्त्रज्ञांना का खुपत नाही? हा दुजाभाव नाही का? — एक वाचक, निफाड

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि तो मी टाळणार नाही.

‘प्यू’ने २०१४ मध्ये पुन्हा विचारणा केली, तेव्हा जीएम अन्न खायला सुरक्षित आहे असं ८८ टक्के शास्त्रज्ञ म्हणाले. सामान्य लोकांत ३७ टक्के. हवामानबदलाच्या प्रश्नावर आहे त्यापेक्षाही मोठी दरी! मात्र या प्रश्नावर लोक पक्षानुसार फुटलेले नव्हते. रिपब्लिकन मतदारही जवळपास तितकाच घाबरलेला. पक्षाने तो मुद्दा आपला केला नाही, म्हणून शास्त्रज्ञांनीही पक्षाच्या खात्यावर मांडला नाही.

डेमोक्रॅटांच्या खात्यावर मांडण्यासारखं पुष्कळ आहे. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर १९७५ पासून महिन्याला एक ‘गोल्डन फ्लीस’ पुरस्कार जाहीर करायचे, आणि सरकारी पैशाची उधळपट्टी म्हणून अनेकदा एखाद्या संशोधन प्रकल्पाची जाहीर टर उडवायचे. एनआयएचमध्ये पर्यायी उपचारांचं कार्यालय घुसवलं आयोवाचे टॉम हार्किन यांनी. पुढे २००९ मध्ये त्यांची तक्रार अशी, की हे कार्यालय उपचार खरे ठरवण्याऐवजी खोटे ठरवत बसलं आहे! टेक्सासच्या वॅक्साहॅची गावाजवळ महाकाय कणत्वरकाचा (अणूपेक्षा लहान कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचा) सुमारे तेवीस किलोमीटर बोगदा खणून झाला असताना आणि दोन अब्ज डॉलर खर्च झालेले असताना १९९३ मध्ये तो रद्द केला, तेव्हा संसदेची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हातात होती. लसविरोधही एके काळी कॅलिफोर्नियातल्या सधन, उदारमतवादी वस्त्यांत जोरात होता. डिस्नेलँडमधून गोवर पसरल्यावर २०१५ मध्ये तिथे शाळकरी मुलांच्या लसीकरणाचा कायदा कडक झाला. त्या कायद्याविरुद्ध उभं राहून बोलणाऱ्यांत रॉबर्ट केनेडी ज्युनियर होते, आणि तेव्हा ते डेमोक्रॅट होते. तेच केनेडी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारचे आरोग्यमंत्री झाले.

मला सगळ्यात जास्त खटकलेलं उदाहरण नेव्हाडातल्या युक्का पर्वताचं. अणुभट्ट्यांतला कचरा तिथे खोल पुरायचा, यावर अनेक वर्षं भूशास्त्रज्ञांनी काम केलं होतं. सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड नेव्हाडाचेच. २०१० मध्ये ओबामा सरकारने परवान्याचा अर्ज मागे घ्यायला काढला. पुढच्या वर्षी संसदेच्याच हिशेब तपासणाऱ्या संस्थेने लिहिलं, की हा निर्णय तांत्रिक किंवा सुरक्षिततेच्या कारणाने घेतलेला नव्हता. तराजूला हात लावल्याचाच हा प्रकार. बुश यांच्या वेळी सह्यांची मोहीम काढणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंचा तेव्हा तसा आवाज ऐकू आला नाही. तो यायला हवा होता. ‘शास्त्रज्ञ पुराव्याच्या बाजूने बोलतात की पक्षाच्या?’ असा संशय ज्या रिपब्लिकन मतदाराला येतो, त्याचा तो संशय अशा गप्प बसण्यातूनही पोसला गेला.

तरीही दोन्ही पारडी सारखी आहेत असं मी म्हणणार नाही. डेमोक्रॅटांच्या या चुका एकेका नेत्याच्या, एकेका राज्याच्या हट्टापायी झाल्या. हवामानबदल नाकारणं हे रिपब्लिकनांचं मात्र हळूहळू पक्षाचंच धोरण झालं. २०१५ च्या फेब्रुवारीत सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी बाहेरचा बर्फाचा गोळा सभागृहात आणून फेकला, थंडी आहे म्हणजे तापमानवाढ नाही हे दाखवायला. तेव्हा ते सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते.

प्रश्न : २०२४ मध्ये ८२ नोबेल विजेत्यांनी कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, तरी त्या हरल्या. मग या पाठिंब्याचा उपयोग काय? — निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

मतांसाठी फारसा नाही. २००४ मध्ये ४८ नोबेल विजेते डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरींच्या मागे होते, ते हरले. २००८ मध्ये सत्तरांवर ओबामांच्या मागे होते, ते जिंकले. २०२० मध्ये ८१ जण बायडेन यांच्या मागे, जिंकले. सह्यांनी ना तारलं, ना बुडवलं.

काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने अग्रलेख लिहून बायडेन यांना पाठिंबा दिला. ‘सायंटिफिक अमेरिकन’नेही दिला, आपल्या १७५ वर्षांत प्रथमच. पुढे एका संशोधकाने चार हजारांवर अमेरिकन लोकांवर एक साधा प्रयोग केला : काहींना ‘नेचर’चा तो पाठिंबा वाचायला दिला, काहींना दुसराच काही मजकूर. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाठिंबा वाचलेल्या ट्रम्प समर्थकांचा ‘नेचर’वरचा विश्वास बराच घसरला, इतका की कोविडची माहितीही ते तिथून घ्यायला कमी तयार झाले. बायडेन समर्थकांचा विश्वास जेमतेम वाढला. ट्रम्प यांच्याकडून मतं काही हलली नाहीत. ‘नेचर’ने त्यावरही लिहिलं, की प्रसंग तसाच आला तर आम्ही पुन्हा पाठिंबा देऊ.

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. स्वतःविरुद्धचा निष्कर्ष त्यांच्याच प्रकाशनसमूहातल्या नियतकालिकात छापला गेला. पण मला हे पटत नाही. शास्त्रज्ञाने नागरिक म्हणून हव्या त्या उमेदवाराचा प्रचार करावा, सही करावी, मोर्चात जावं. नियतकालिकाने करू नये. ते उद्या रिपब्लिकन डॉक्टरलाही उघडून वाचायचं आहे. शास्त्रज्ञांवर विश्वास आहे असं म्हणणारे रिपब्लिकन एप्रिल २०२० मध्ये ८५ टक्के होते, २०२४ मध्ये ६६. याचा दोष एका अग्रलेखावर ढकलता येणार नाही. महासाथ, शाळाबंदी, लसींची सक्ती, नेत्यांची चिथावणी असं बरंच काही त्यात आहे. पण जो भाग आपल्या हातात आहे, तो तरी आपण सांभाळावा.

प्रश्न : मग रिपब्लिकन पक्षाला शास्त्रज्ञ आता कायमचे गमावले म्हणायचे का? — तेच

कायमचं काही नसतं. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने एनआयएचचा निधी सुमारे ४० टक्के कापायचा प्रस्ताव मांडला. जुलैअखेर सिनेटच्या अर्थवाटप समितीने तो बाजूला ठेवून उलट ४० कोटी डॉलर वाढवून दिले. त्या समितीच्या अध्यक्ष सुझन कॉलिन्स, रिपब्लिकन. पोर्टर-स्पेक्टर यांची परंपरा अजून पुरती आटलेली नाही. पण वर लिहिलं तेच पुन्हा : निव्वळ पैशाने लोक परतणार नाहीत. लसींच्या समितीतली माणसं ठरवताना, ग्रँट मंजूर किंवा रद्द करताना निकष शास्त्राचे राहिले, तर परततील. आणि तेही एका निवडणुकीत नाही.

प्रश्न : आपल्याकडे शास्त्रज्ञ कोणत्या पक्षाचे? त्यांची मतं कधी ऐकू का येत नाहीत? — कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, अकोला

पहिलं कारण नियमाचं. आपले बहुसंख्य संशोधक सरकारी प्रयोगशाळांत आहेत, आणि केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधल्या पाचव्या नियमाप्रमाणे सरकारी नोकराला राजकीय पक्षाचं काम किंवा प्रचार करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे उमेदवाराला नव्हे, एखाद्या मुद्द्याला पाठिंबा दिला जातो. २०१५ मध्ये जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव यांनी पद्मभूषण परत करण्याचं जाहीर केलं. ९ ऑगस्ट २०१७ ला देशात ठिकठिकाणी शास्त्रज्ञांचा मोर्चा निघाला. त्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्के संशोधनाला द्या, अशी मागणी होती.

दुसरं कारण तुमच्या जिल्ह्यात राहून तुम्हाला सहज कळेल. आपल्याकडे विज्ञानाचे प्रश्न पक्षांनुसार विभागलेलेच नाहीत. बीटी वांगं जालन्याच्या महिकोने तयार केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते थांबवलं काँग्रेसच्या जयराम रमेश यांनी, आणि त्याच मंत्रिमंडळातले कृषिमंत्री शरद पवार जीएम पिकांच्या बाजूचे! बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली ती वाजपेयी सरकारच्या काळात. पुढे मोदी सरकारच्या काळात, २०२२ मध्ये, जीएम मोहरीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली, तर विरोधाला संघपरिवारातलाच स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, आणि त्याच्या जोडीला डाव्या विचारांच्या संघटना. २०१९ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने विनापरवाना जीएम बियाणं पेरून सविनय कायदेभंग केला. तो कुठल्या पक्षाच्या खात्यावर मांडणार? अशा परिस्थितीत कृषिशास्त्रज्ञाने ‘विज्ञानाच्या बाजूने’ मत द्यायचं ठरवलं, तरी कुणाला द्यायचं ते त्याला कळत नाही. मग तोही जात, गाव, महागाई बघून तुमच्या-माझ्यासारखंच मत देतो. अमेरिकेसारखी पक्षनिहाय फाळणी इथे झाली नाही याचं मला समाधान आहे. पण बीटी वांग्यासारखा निर्णय इतकी वर्षं लोंबकळत राहतो आणि त्याचा जाब कुठल्याच पक्षाला द्यावा लागत नाही, याचं दुःखही आहे.

प्रश्न : माझा मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आहे. लॅबमधले सगळे निधीकपातीविरुद्धच्या पत्रावर सह्या करताहेत. त्यानेही करावी का? — एक आई, डोंबिवली

आई म्हणून तुमची धाकधूक मला समजते. उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या प्रचारपत्रावर त्याने सही करू नये, आणि निवडणूक निधीला एक डॉलरही देऊ नये. परदेशी विद्यार्थ्याने पैसे देणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. निधीकपातीविरुद्धचं पत्र ही वेगळी गोष्ट. तिथे बोलण्याचं स्वातंत्र्य परदेशी माणसालाही आहे. पण २०२५ च्या मार्चमध्ये एका परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातल्या लेखानंतर रद्द झाला आणि तिला ताब्यातही घेतलं. विषय वेगळा होता, पण व्हिसा हाच होता. कोर्टात जिंकेपर्यंत मधले दिवस कुणी भरून देत नाही.

मी त्याच्या जागी असते तर सही केली नसती, काम केलं असतं. गाईड बाई किंवा सर अमेरिकन नागरिक असतील, तर त्यांना त्यांच्या खासदाराला पाठवायला आकडेवारी काढून दे म्हणावं : आपल्या लॅबची कोणती ग्रँट थांबली, कोणता प्रयोग अर्धवट राहिला, कोणाची नोकरी गेली. खासदाराच्या कार्यालयात अशा नेमक्या कागदाची दखल घेतली जाते. तरीही त्याला सही करायचीच असेल, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन बोलावं, आणि विद्यार्थ्यांसाठी वकिलाची मोफत सोय आहे का, ते विचारावं. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत ती असते. सेमिस्टरच्या मध्यावर भारतात यायचं तिकीट काढलं असेल, तर सहीचा निर्णय परत पोचल्यावर घ्यावा.